नवव्या पानापासून बदललेली अक्षरं: एका स्मरणिकेच्या छपाईचं प्रकरण

पहिली आठ पानं स्वच्छ आली. नवव्या पानापासून अक्षरं मराठीच होती, ओळी सरळ होत्या, समासही बरोबर होता, पण वाचायला जावं तर एक शब्द लागेना. ‘आमचं ग्रंथालय’ या मथळ्याच्या जागी ‘तपणे मीवाशक’ असलं काहीतरी. पडद्यावर मात्र तीच फाइल, तेच पान, अक्षर न् अक्षर बरोबर.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचा छोटा प्रेस आहे: एक मिनी ऑफसेट, डीटीपीची दोन विंडोज मशीन आणि एक लेझर प्रिंटर. रंगीत मुखपृष्ठांच्या प्लेट कोल्हापूरहून करून आणतो. आतली एकरंगी पानं अजून ट्रेसिंगवर चालतात. ट्रेसिंग पेपरवर पान उलटं, म्हणजे आरशात दिसतं तसं काढायचं, टोनरची बाजू प्लेटला चिकटेल अशी ठेवायची आणि प्लेट उजेडावर घ्यायची. उलटं काढायचं कारण एवढंच की टोनर आणि प्लेट यांच्यात कागदाची जाडी आली तर उजेड कडेनं आत शिरतो आणि बारीक अक्षराची कड खाल्ली जाते. ही उलट्या पानाची गरज पुढे फार महत्त्वाची ठरली, म्हणून आधीच सांगितली.

काम होतं एका वाचनालयाच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेचं. डेमी १/८, चौसष्ट पानं म्हणजे सोळा पानी चार फर्मे (फर्मा म्हणजे एकत्र घडी घालून बांधायच्या पानांचा गठ्ठा), पाचशे प्रती. वाचनालय १९४९ चं, समारंभ २०२४ चा, तारीख ठरलेली, पत्रिका वाटून झालेल्या. वाचनालयाचे कार्यवाह काका स्वतः लेख गोळा करत होते आणि त्यांची बंगळुरात नोकरी करणारी मुलगी ते आपल्या मॅकबुकवर लावून देत होती. तिनं हे हौसेनं आणि फुकट केलं होतं. पुढच्या आठवडाभरात आमच्या पोरानं तिच्या नावानं जे बोटं मोडली, ती तिच्या वाट्याची नव्हती.

पेनड्राइव्हपासून सुरुवात

काकांनी पहिला पेनड्राइव्ह आणला तो विंडोजनं उघडलाच नाही. ‘वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल, करू का?’ असा प्रश्न पडद्यावर आला आणि आमचा पोरगा ‘हो’ दाबणार तेवढ्यात मी माउस काढून घेतला. पेनड्राइव्ह मॅकच्या स्वतःच्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असला की विंडोजला तो रिकामा किंवा बिघडलेला वाटतो. आत सगळं असतं. मुलीला फोन केला, तिनं एक्सफॅट पद्धतीनं तयार केलेला दुसरा पाठवला. एक्सफॅट दोन्हीकडे चालतं.

दुसऱ्या पेनड्राइव्हवर प्रत्येक फाइल दोनदा. एक खरी, दुसरीच्या नावाआधी टिंब आणि खाली आडवी रेघ, आकार चार केबी. ती चार केबीची फाइल म्हणजे मॅकनं स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेली टिपणवही. तिच्यात लेख नसतो, पण नावाच्या शेवटी पीडीएफ असतं. पोरगा नेमक्या त्याच उघडत बसला आणि ‘सगळ्या फाइली खराब आहेत’ असं काकांना सांगून मोकळा झाला. काकांचं तोंड उतरलं. ते निस्तरायला चहा पाजावा लागला.

खऱ्या फाइली दोन प्रकारच्या होत्या: प्रत्येक लेखाची वर्डची डॉक्स फाइल आणि सगळे लेख एकत्र जोडलेली एक पीडीएफ. आम्ही आधी डॉक्स उघडली, कारण पानाचा आकार बदलायचा होता. तिनं ए-५ धरला होता, १४८ बाय २१० मिलिमीटर. डेमी १/८ साधारण १४० बाय २१६. म्हणजे ए-५ची रुंदी जास्त, उंची कमी. पण डॉक्सच्या फाइली विंडोजवर उघडून मोजल्या तर चौसष्टची एकाहत्तर पानं झाली, आणि अजून आकाराला हातसुद्धा लावला नव्हता.

याचं कारण साधं आहे. मॅकवर तिनं कोहिनूर देवनागरी वापरला होता. हा फॉन्ट मॅकबरोबर येतो, विंडोजबरोबर येत नाही. डॉक्स फाइलमध्ये अक्षरांचे आकार सहसा नसतात, फक्त फॉन्टचं नाव असतं. नावाचा फॉन्ट सापडला नाही की विंडोज आपल्याजवळचा देतं: मंगल किंवा निर्मला. मंगल वाईट नाही. र. कृ. जोशींसारख्या अक्षरांच्या जाणकाराचं ते काम आहे आणि संगणकावर युनिकोड मराठी, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक असलेलं मराठी, आपल्यापैकी अनेकांनी पहिल्यांदा पाहिलं ते मंगलमध्येच. पण त्याच्या ओळीची उंची वेगळी, अक्षराची रुंदी वेगळी. ओळीत एक शब्द कमी बसला तर परिच्छेदात एक ओळ वाढते. पानात दोन-तीन ओळी वाढल्या की चौसष्टची एकाहत्तर. सोळाच्या फर्म्यात एकाहत्तर बसत नाहीत.

म्हणून आम्ही डॉक्स बाजूला ठेवली आणि पीडीएफवर आलो. पीडीएफचा जन्मच यासाठी झाला, की एका मशीनवर जसं दिसतं तसंच दुसऱ्यावर दिसावं. आकाराचा प्रश्न प्रूफ झाल्यावर बघू म्हटलं. प्रूफ काढली आणि नववं पान हातात आलं.

जे जे मी आधी चुकीचं धरलं

पंधरा-वीस वर्षं या धंद्यात आहे, त्यामुळे उत्तर आधी तयार असतं: फॉन्ट एम्बेड केलेला नाही. म्हणजे पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार भरलेलेच नाहीत, प्रिंटर आपल्या मनानं दुसरे घेतोय. पीडीएफ उघडायच्या रीडरमध्ये फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट्स असं उघडलं. यादीत प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड सबसेट’ लिहिलेलं. म्हणजे आकार आत आहेत. पहिलं उत्तर तिथेच मेलं.

दुसरं उत्तर: प्रिंटर बिघडला. दुरुस्तीवाला आला, त्यानं स्वतःची चाचणीची पानं काढली, सगळी ठीक. जाताना तो म्हणाला, ‘साहेब, जुना झालाय, नवा घ्या.’ दुरुस्तीवाल्यानं नवा घ्या म्हटलं की समजावं, त्यालाही कळलेलं नाही.

तिकडे मुलीनं तीच पीडीएफ बंगळुरात ऑफिसच्या प्रिंटरवर काढली. तिथं सगळी पानं बरोबर. फोनवर तिचं म्हणणं, ‘दादा, माझ्याकडे तर नीट येतंय.’ हे वाक्य प्रेसवाल्यानं किती वेळा ऐकलेलं असतं! आणि खोटं कधीच नसतं. तिच्याकडे नीटच येत असतं. त्यातून ‘म्हणजे दोष तुमच्या प्रिंटरचा’ असा अर्थ निघत नाही. तिच्याकडचा कागदापर्यंतचा रस्ता आणि माझ्याकडचा रस्ता वेगळा आहे, एवढाच निघतो. मी मात्र त्या दिवशी चिडलो होतो आणि हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं.

तोवर चाळीसेक ट्रेसिंग वाया गेली होती, कारण मी हट्टानं प्रूफ साध्या कागदावर न काढता थेट ट्रेसिंगवर काढत बसलो होतो. हा मूर्खपणा माझा.

अडकलेला कागद

उलगडा झाला तो कागद अडकल्यामुळे. पहिला फर्मा पुन्हा काढताना नववं पान चुरगळून आत अडकलं. ते काढलं आणि पोरानं फक्त नववं पान परत सोडलं. बरोबर आलं! ‘आमचं ग्रंथालय’, ठळक, स्वच्छ, उलटं. आरशासमोर धरून आम्ही दोघांनी वाचलं.

मग बसून पद्धतशीर चाचण्या घेतल्या, या वेळी साध्या कागदावर. नववं एकटं: बरोबर. नऊ ते सोळा: पहिला लेख बरोबर, पुढच्या लेखापासून बिघाड. एक ते आठ: बरोबर. आठ आणि नऊ एकत्र: आठ बरोबर, नऊ बिघडलेलं. शेवटी सुचलं म्हणून क्रम उलटा केला, आधी नऊ आणि मग आठ. नऊ बरोबर आलं आणि आतापर्यंत एकदाही न बिघडलेलं आठवं पान भलतंच आलं.

इथे खुर्चीत मागे रेलून बसलो. दोष नवव्या पानात नव्हताच. एका छपाईत जो लेख आधी जाईल तो बरोबर, जो मागून येईल तो बिघडणार. पहिल्या लेखातलं काहीतरी प्रिंटरमध्ये मागे राहत होतं आणि पुढच्या लेखाला तेच वापरलं जात होतं.

दुसरा पुरावा पोरानं काढला, हे कबूल करायला हवं. पहिली आठ पानं म्हणजे अध्यक्षांचं मनोगत. त्यात आकडे होते फक्त १९४९ आणि २०२४. पोरगा म्हणाला, ‘दादा, बिघडलेल्या पानांवर बघा, तीन, पाच, सहा, सात, आठ हे आकडे कुठेच नाहीत.’ खरंच नव्हते. हिशोबाच्या लेखात रकमांच्या जागी एक, नऊ, चार, दोन, शून्य असलेच आकडे, किंवा मध्येच एखादं अक्षर, किंवा कोरी जागा. म्हणजे मागच्या लेखांना पहिल्या लेखातल्या अक्षरांचाच साठा मिळत होता.

आता ‘सबसेट’ या शब्दाकडे वळू. पीडीएफ करताना सगळा फॉन्ट आत भरत नाहीत. लेखात जी अक्षरं वापरली तेवढ्यांचेच आकार उचलून एक छोटी पेटी करतात. त्या पेटीला फॉन्टच्या नावाआधी सहा इंग्रजी अक्षरं आणि अधिकचं चिन्ह जोडून वेगळं नाव देतात, म्हणजे एकाच फॉन्टच्या दोन पेट्यांची गल्लत होऊ नये. रीडरच्या यादीत ती सहा अक्षरं दिसत नाहीत. ती बघायला मी पीडीएफफॉन्ट्स नावाची फुकट मिळणारी आज्ञा चालवली, पॉपलर या साधनसंचातली. यादी आली. प्रत्येक लेखाची पेटी वेगळी होती, पण नाव एकच: एएएएएबी, अधिकचं चिन्ह, कोहिनूर. दहा-बारा लेख, दहा-बारा पेट्या, सगळ्यांच्या झाकणावर एकच चिठ्ठी.

मुलीनं प्रत्येक लेखाची पीडीएफ स्वतंत्र काढून मग त्या जोडल्या होत्या. प्रत्येक वेळी मॅकनं नव्यानं सुरुवात केली आणि प्रत्येक वेळी पेट्यांची नावं पहिल्या अक्षरांपासून दिली. एका फाइलपुरतं ते पुरेसं आहे. जोडल्यावर मात्र एकाच नावाच्या अनेक पेट्या एका घरात आल्या.

पडद्यावर वाचणारं सॉफ्टवेअर कोणत्या पानाची कोणती पेटी हे आतल्या क्रमांकावरून ओळखतं, त्याला नावाशी देणंघेणं नाही. आमच्या छपाईत मात्र पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर लावलेला होता. ड्रायव्हर म्हणजे संगणकाचं म्हणणं प्रिंटरला त्याच्या भाषेत सांगणारं सॉफ्टवेअर. पोस्टस्क्रिप्ट ही १९८४ ची छपाईची भाषा, आणि तिच्यात फॉन्टला हाक मारायची ती नावानं. या नावाचा फॉन्ट आधीच हातात आहे, मग पुन्हा कशाला घ्या, असं वाटेत कुणीतरी ठरवलं. पहिल्या पेटीत सतराव्या खणात ‘त’, दुसऱ्या पेटीत सतराव्या खणात ‘आ’. नवव्या पानानं सतरावा खण मागितला आणि त्याला ‘त’ मिळाला. ते ‘कुणीतरी’ रीडर, ड्रायव्हर की प्रिंटर, याच्या खोलात मी गेलो नाही. मला पाचशे प्रती द्यायच्या होत्या.

त्याच प्रिंटरला पीसीएल या छपाईच्या दुसऱ्या भाषेचा ड्रायव्हर लावून तीच फाइल सोडली. सगळी पानं बरोबर. म्हणजे प्रिंटरच्या यंत्राचा काही दोष नव्हता. पण पीसीएलच्या ड्रायव्हरमध्ये पान उलटं काढायची सोय नव्हती, ती पोस्टस्क्रिप्टच्या ड्रायव्हरमध्ये होती. म्हणून तर आम्ही वर्षानुवर्षं तोच लावून ठेवला होता.

तोडगा निवडताना

आता वाटा तीन-चार होत्या आणि सगळ्या ‘चालणाऱ्या’ होत्या. लेख एकेक करून वेगळे छापायचे, हा सगळ्यांत सोपा. पण ट्रेसिंग काढताना चौथ्या फर्म्याला कुणीतरी घाईत ‘सगळी पानं’ निवडणार, हे मला आमच्या प्रेसबद्दल खात्रीनं माहीत आहे.

रीडरमध्ये छपाईच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ खिडकीत ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’ असतं. त्यानं पान चित्र होऊन जातं, फॉन्टचा प्रश्नच उरत नाही. घाईच्या वेळी, एखादा अर्ज किंवा पत्रिका काढायची असेल तर मी हेच सांगेन. पण कमी रिझोल्यूशनला चित्र झालं तर अक्षराची कड मऊ पडते. प्रूफला चालतं, प्लेटला बारा पॉइंटच्या अक्षरात ‘घ’ आणि ‘ध’ सारखे दिसायला लागतात.

घोस्टस्क्रिप्ट नावाच्या सॉफ्टवेअरनं पीडीएफमधली सगळी अक्षरं बाह्यरेषांत बदलता येतात. फॉन्ट उरतच नाही, नुसते आकार. पण मग एक वेलांटी दुरुस्त करायची म्हटली तरी करता येत नाही, आणि अजून प्रूफ वाचायला गुरुजींकडे जायचं होतं. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक, त्यांच्या हातातून पान कोरं परत येत नाही.

शेवटी जे करायला हवं होतं तेच केलं: पुन्हा पहिल्यापासून. मुलीला सांगितलं, सगळे लेख एकाच दस्तऐवजात आण, पानाचा आकार १४० बाय २१६ ठेव, आणि एकच पीडीएफ काढ. एकदाच काढली की पेट्या एकदाच तयार होतात. फॉन्टही बदलला. दोन्ही मशीनवर टाकता येईल असा मोफत हवा होता, म्हणजे एखादा शब्द मला इथे बदलावा लागला तरी अडणार नाही. मजकुराला तिरो देवनागरी मराठी घेतला. या फॉन्टच्या हिंदी, मराठी, संस्कृत अशा वेगळ्या आवृत्त्या आहेत आणि मराठीत ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात. गुरुजींना ते बघूनच बरं वाटलं. त्याला ठळक वळण नाही, साधं आणि तिरकं एवढंच. वर्डमध्ये ‘बी’ दाबलं तर वर्ड अक्षर फुगवून खोटं ठळक करतं, ते छपाईत चिखलासारखं दिसतं. म्हणून मथळ्यांना मुंबईच्या एक टाइपचा मुक्त घेतला, त्याच्यात खरं ठळक आहे.

हे सगळं करायला तिला दोन रात्री लागल्या. नव्या पीडीएफवर पहिल्यांदा पेट्यांची यादी बघितली, प्रत्येक नाव एकदाच. पोस्टस्क्रिप्टवरून चौसष्ट पानं सलग सोडली, चौसष्टही बरोबर.

छपाईच्या खिडकीत ‘फिट’ ऐवजी ‘अ‍ॅक्चुअल साइझ’ निवडलंय ना, हे मात्र प्रत्येक वेळी बघावं लागलं. ‘फिट’ ठेवलं की लहान पान ए-४ भरेपर्यंत फुगतं.

१९९९ चा लेख

एक लेख मात्र या सगळ्याच्या बाहेर होता आणि त्यानं एकट्यानं दोन दिवस खाल्ले. वाचनालयाच्या पहिल्या कार्यवाहांनी १९९९ च्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत लिहिलेली आठवण पुन्हा छापायची होती. ते आता नाहीत. मूळ फाइल पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरची, त्यातला मजकूर कुणीतरी कधीतरी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून सीडीवर ठेवलेला.

त्या काळातले मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजीच्या अंगावर मराठी सदरा. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असायची, फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवायचा: इथे काना, तिथे अर्धा ‘क’, पलीकडे रफार. कोणता तुकडा कोणत्या जागी, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. ती फाइल मॅकवर उघडली तेव्हा आणखी एक घोटाळा झाला. इंग्रजी अक्षरांच्या पुढच्या १२८ जागांचा नकाशा विंडोजचा वेगळा आणि जुन्या मॅकचा वेगळा. मॅकनं अंदाजानं आपला नकाशा लावला आणि तिथे बसवलेली जोडाक्षरं दुसऱ्याच चिन्हांत गेली. मुलीनं जुना फॉन्ट शोधून मॅकवर टाकला, अर्धी अक्षरं जागेवर आली, अर्धी नाहीत. ती म्हणाली, ‘बाबांच्या चष्म्यातून बघितल्यासारखं दिसतंय.’

त्यात तो मजकूर वर्डमध्ये चिकटवल्यावर वर्डनं मदत केली. वाक्याचं पहिलं अक्षर लहान असेल तर मोठं करायचं, साधं अवतरणचिन्ह असेल तर वळणदार करायचं, ही त्याची सवय. इंग्रजीत ते चांगलंच. इथे लहान अक्षराच्या जागी एक मराठी तुकडा, मोठ्याच्या जागी दुसरा. त्यामुळे कित्येक परिच्छेदांचं पहिलं अक्षर बदललं, आणि जिथे साध्या अवतरणचिन्हाच्या जागी एक अक्षर बसवलेलं होतं तिथे ते लेखभर हरवलं.

म्हणून तिची फाइल घेतलीच नाही. सीडीवरची मूळ टेक्स्ट फाइल विंडोजवर विंडोजच्याच नकाशानं उघडली, वर्डमध्ये न नेता थेट परिवर्तकाला, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या साधनाला दिली. परिवर्तक नेटवर बरेच आहेत, पण जुना फॉन्ट कोणत्या कंपनीचा हे आधी ओळखावं लागतं. चुकीचा नकाशा निवडला तर सगळं चुकत नाही, सत्तर टक्के बरोबर येतं, आणि ते जास्त धोक्याचं. पूर्ण चुकलेलं डोळ्यांना कळतं.

बरोबर नकाशानंही दोन गोष्टी राहिल्या. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट: वेलांटी नंतर, रफाराचा ‘र’ आधी. परिवर्तक ही अदलाबदल करतो, पण एकाच अक्षरावर दोन्ही आले की गोंधळतो. ‘वार्षिक’चं ‘वािर्षक’, ‘आर्थिक’चं ‘आिर्थक’. वाचनालयाच्या लेखात वार्षिक सभा आणि आर्थिक अडचण याशिवाय असतं काय? हे शब्द एकेक शोधून बदलले.

दुसरी गोष्ट अस्सल मराठी. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ यातला चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ हिंदीत नसतो. परिवर्तकानं तो ओळखला नाही आणि सरळ रफार दिला: ‘दुसर्या’, ‘तर्हा’. मी चहाला गेलो असताना पोरानं डोकं चालवून ‘सगळे बदला’ दाबलं: जिथे रफाराचा ‘र्य’ तिथे ‘ऱ्य’. दुसऱ्या, वाऱ्यावर, पायऱ्या क्षणात सुधारले. आणि ‘सूर्य’चा ‘सूऱ्य’ झाला, ‘आचार्य’ ‘आचाऱ्य’ झाले, आणि कार्यवाहांच्या लेखात ज्या शब्दाची सगळ्यात जास्त गर्दी, तो ‘कार्य’ प्रत्येक ठिकाणी ‘काऱ्य’. मागे जाण्याची सोय त्या साध्या संपादकात एकाच पायरीची होती, आणि तोवर त्यानं ‘ऱ्ह’ पण बदलला होता. मग दोघांनी मिळून ओळीवर पट्टी ठेवून वाचलं.

करडी अक्षरं आणि ॲडव्होकेट

ट्रेसिंगवर आणखी एक लेख ठिपक्याठिपक्यांचा आला. भिंगाखाली अक्षराची कड करवतीसारखी. लेखकानं तो एका संकेतस्थळावरून उचलून पाठवला होता आणि तिथली अक्षरं काळी नव्हती, गडद करडी होती. पडद्यावर फरक कळत नाही. लेझर प्रिंटरजवळ करडा टोनर नसतो, तो काळ्या ठिपक्यांतून करडेपणाचा भास करतो. फोटोला ते हवंच, अक्षराला घातक. सगळा मजकूर निवडून रंग पूर्ण काळा केला. दोन मिनिटांचं काम.

शुभेच्छांच्या जाहिरातींत ‘ॲडव्होकेट’ तिघे होते. मुलीच्या मॅकवरून ‘ॲ’ हे एकच सुटं अक्षर आलं होतं. युनिकोडमध्ये ते २००८ मध्ये आलं, आणि आमच्या जाहिरातींच्या जुन्या मशीनवरच्या मंगलमध्ये ते नव्हतंच. तिथे चौकोन दिसला. जे लोक ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहितात त्यांचा कुठे कुठे टिंबाटिंबांच्या गोलावर चंद्र येतो. जाहिराती नव्या मशीनवर हलवल्या, सुटले. ₹ चं तसंच, ते चिन्ह युनिकोडमध्ये आलं २०१० ला.

तेव्हापासून कुणी बाहेरच्या मशीनवरची फाइल आणली की मी पहिल्यांदा कसोटीचं एक पान मागतो, त्यांच्याच फॉन्टमध्ये, त्यांच्याच मशीनवर केलेलं: दुसऱ्या, कुऱ्हाड, ऱ्हस्व, वाङ्मय, वार्षिक, ब्रह्म, उद्ध्वस्त, ज्ञ, क्ष, ॲ, ऑ, ₹ आणि शून्य ते नऊ आकडे. त्याबरोबर त्यांच्या प्रिंटरवर काढलेली सगळ्या कामाची एक कागदी प्रत. पीडीएफ, कसोटीचं पान आणि कागद अशा तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की अक्षर कोणत्या टप्प्यावर मोडलं हे भांडण न करता कळतं. काही गिऱ्हाईकं कुरकुरतात. आणतात मात्र.

स्मरणिका समारंभाच्या आदल्या संध्याकाळी बायंडिंग होऊन गेली. कार्यक्रमात मी मागच्या रांगेत बसलो होतो. पाहुण्यांचं भाषण चालू असताना गुरुजी हळूच शेजारी येऊन बसले, खिशातून शिसपेन्सिल काढली आणि पहिल्या कार्यवाहांच्या लेखात एका शब्दाभोवती गोल केला. ‘वाचनालयाचे काऱ्य असेच चालू राहो.’ शेवटचंच वाक्य होतं. म्हणाले, ‘एकच सापडला. पण मी अजून अर्धाच वाचलाय.’